नळीवरचं शिंग

रेंजवर सराव संपला की पिस्तुलं पुसायला एक लांबट टेबल आहे. त्यावर जुन्या सुती धोतराचे तुकडे, पितळी ब्रश, सळया आणि बॅलिस्टॉलची बाटली पडलेली असते. हे तेल जर्मन. बाटली उघडली की बडीशेपेसारखा वास येतो, आणि त्यात जळलेल्या दारूचा करपट वास मिसळला की दिवस संपल्याची खूण पटते. एका संध्याकाळी तिथं क्लबचं जुनं वॉल्थर जीएसपी पिस्तूल उघडून ठेवलेलं होतं. एअर पिस्तूल सोडून नुकतीच पॉइंट टू टूच्या, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या पिस्तुलावर आलेली एक मुलगी त्याची नळी खिडकीकडे धरून बराच वेळ न्याहाळत होती. मग म्हणाली, "काकू, इथं झाडाची फांदी का काढलीय?" मी चष्मा वर सरकवून पाहिलं. फाटे फुटलेलं काहीतरी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचं. शेजारी पंख पसरलेला पक्षी, त्याच्या पायाशी इंग्रजी एन, पलीकडे आणखी दोन अक्षरं. टेबलापलीकडून कुणीतरी म्हणालं, "कंपनीची नक्षी असेल गं." ती म्हणाली, "नक्षी असती तर दिसेल अशी काढली असती ना?"

तिचं म्हणणं डोक्यात राहून गेलं. सहज दिसू नये इतकं बारीक, पण कितीही घासलं तरी जाऊ नये इतकं खोल, असं काही पोलादावर कुणी का उमटवावं?

आमच्या खेळात मोजमापाला तोटा नाही. २५ मीटर पिस्तुलाचं वजन १,४०० ग्रॅमच्या आत हवं, ट्रिगरनं किमान १,००० ग्रॅमचं वजन पेललं पाहिजे, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सोनं आणणारी ती पहिली भारतीय स्त्री, आणि तीही कोल्हापूरची. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या मुलींना हे सगळे आकडे येण्याआधीच पाठ असतात. ट्रिगरचं वजन त्या घरच्या घरी तपासतात, ग्रिपचं लाकूड हाताच्या मापानं घासून घेतात. नळीवर काय लिहिलंय ते वाचायला मात्र त्यांना कुणी शिकवत नाही. आणि तिथं लिहिलेलं तर पुष्कळ असतं. कुणी बनवलं, कोणतं काडतूस चालतं, कुठं तपासलं, कोणत्या साली, क्रमांक काय. हल्लीच्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांत स्लाइड, म्हणजे मागंपुढं सरकणारा वरचा भाग, पुढं असताना काडतुसाची रिकामी पुंगळी ज्या खिडकीतून बाहेर उडते, त्या खिडकीत चेंबरचा, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाचा, माथा दिसतो. त्या अंगठ्याएवढ्या जागेत सगळं दाटीवाटीनं बसवलेलं असतं. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून, तिरप्या उजेडात धरलं की अक्षरं वर येतात.

तर ती फांदी हरणाच्या शिंगाची आहे. डॅन्यूबच्या काठी उल्म नावाचं गाव आहे, तिथं सरकारी प्रूफ हाउस, म्हणजे बंदुका-पिस्तुलं उडवून तपासणारं ठिकाण आहे, आणि हे त्या प्रूफ हाउसचं चिन्ह. जुन्या व्युर्टेम्बर्ग राज्याच्या ढालीवर तीन काळी शिंगं होती, त्यातून हे आलं. जर्मनीत अशी प्रूफ हाउसं अनेक आहेत आणि प्रत्येकाची खूण निराळी. वॉल्थर कंपनी मूळची थुरिंगियातल्या त्सेला-मेहलिसची, स्थापना १८८६ची. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग सोव्हिएत अमलाखाली गेला, कुटुंब पश्चिमेला आलं आणि उल्ममध्ये नव्यानं उभं राहिलं. म्हणून आमच्या पिस्तुलावर शिंग. शेजारची दोन अक्षरं म्हणजे साल. ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, सी म्हणजे दोन, असं करत आय म्हणजे आठ. जे वगळायचं, आणि के म्हणजे नऊ. आमच्यावर एचएफ होतं. एच सात, एफ पाच. म्हणजे १९७५. ती मुलगी बोटांवर मोजत बसली आणि मग एकदम म्हणाली, "म्हणजे माझी आईपण जन्मली नव्हती!"

पक्षी आहे तो गरुड, आणि एन म्हणजे नायट्रो. फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं १८८४ साली बिनधुराची दारू शोधली आणि जगातल्या सगळ्या जुन्या नळ्या एका रात्रीत संशयित झाल्या. तेवढ्याच वजनाच्या काळ्या दारूपेक्षा बिनधुराची दारू कितीतरी जास्त दाब निर्माण करते. काळ्या दारूवर पिढ्यान् पिढ्या टिकलेली नळी नव्या दारूनं फाटू शकते. म्हणून तपासणी कोणत्या दारूवर झाली ते नळीवर लिहिणं आलं. जर्मनीत गरुडाखालचा हा एन १९३९च्या कायद्यानं आला. ते साल वाचलं की मला थांबायला होतं. कोणत्या राजवटीनं, कोणत्या वर्षी, कशाच्या तयारीत असताना हा कायदा केला ते आपल्याला माहीत आहे. आणि त्याच चिन्हाचा वारसा आज पंधरासोळा वर्षांच्या मुलींच्या हातात, कागदी लक्ष्यावर पाच-पाच गोळ्या मारायच्या खेळात आहे. ही अस्वस्थता पुसून टाकावी असं मला वाटत नाही. पिस्तूल हातात घेणाऱ्या माणसाला थोडं अस्वस्थ असायलाच हवं.

प्रूफ हाउसमध्ये नेमकं काय होतं ते समजलं तेव्हापासून मी त्या खुणेकडे वेगळ्या नजरेनं बघते. पिस्तूल आधी मोजलं जातं. चेंबरचं माप, नळीचं माप, बंद होणाऱ्या भागातली फट. मग ते जाड संरक्षक भिंतीआड पकडीत बसवतात, ट्रिगर दुरून ओढतात, आणि त्यातून मुद्दाम जास्त दाबाची काडतुसं उडवतात. पिस्तुलांच्या बाबतीत हा दाब कमाल मर्यादेपेक्षा ३० टक्के अधिक असतो. नऊ मिलिमीटरच्या ९x१९ या काडतुसाची कमाल मर्यादा २,३५० बार आहे, म्हणजे तपासणीला ३,०५५ बार. मोटारीच्या चाकात हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. ज्या हाताला हे पिस्तूल पुढं धरायचं आहे, त्या हातापासून वीतभर अंतरावर हे सगळं घडणार असतं. तपासणीनंतर पुन्हा मोजतात. कुठं फुगलंय का, तडा गेलाय का, काही सैल झालंय का. सगळं जागच्या जागी असेल तरच ठसा पडतो. नसेल तर पडत नाही, आणि ठशाशिवाय त्या देशात विकता येत नाही.

बनवणारा एक आणि तपासणारा दुसरा. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

याची सुरुवात फार जुनी आहे. बेल्जियममधल्या लिएज शहरात १६७२ साली तिथल्या राजबिशपनं नळ्यांची सक्तीची तपासणी लागू केली. लंडनच्या बंदूक बनवणाऱ्यांच्या संस्थेला सनद मिळाली ती १६३७ मध्ये, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस पार्लमेंटच्या कायद्यानं उभं राहिलं ते १८१३ मध्ये. लिएजचं चिन्ह मला या सगळ्यांत आवडतं. गावच्या चौकात पायऱ्यांवर उभा एक स्तंभ आहे, पेरॉन म्हणतात त्याला. तो शहराच्या स्वातंत्र्याचं प्रतीक. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या चार्ल्सनं लिएज जिंकलं तेव्हा त्यानं तो स्तंभच उचलून ब्रूजला नेला, इतकं त्याचं महत्त्व. त्याच्या मृत्यूनंतर तो परत आला. हा स्तंभ नंतर लिएजच्या नळ्यांवर ठसा म्हणून उमटायला लागला. गावानं ज्याच्यावर आपली मान ताठ ठेवली, तेच चिन्ह नळीच्या मजबुतीला साक्षीदार ठेवलं. आणि याच लिएजच्या पुढाकारानं १९१४च्या जुलैत, वेगवेगळ्या देशांच्या तपासण्या एका मापात आणाव्यात म्हणून सीआयपी हा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. पुढच्याच महिन्यात जर्मन तोफांनी लिएजचे किल्ले फोडले. आयोग मात्र टिकला. एका देशाच्या प्रूफ हाउसची खूण दुसऱ्यानं मान्य करायची, हा आजचा व्यवहार १९६९च्या करारानं पक्का झाला.

हे वाचताना मला आजोबांची बाराबोरची दुनळी आठवत राहिली. कोकणातल्या आमच्या घरी रानडुकरं आणि वानरं यांच्यापासून बागायत राखायला तिचं लायसन होतं. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. तेवढे दिवस आजोबा पडवीत उगाच येरझाऱ्या घालत. खंडेनवमीला ती पाटावर यायची. कोयते, विळ्या, पहार, कुदळ, आजीचा अडकित्तासुद्धा, आणि मधोमध ही. आजोबा आधी ती मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघत, आम्हा पोरांना एकेक करून बघायला लावत, "रिकामी आहे, बघितलंस?" असं विचारून "हो" वदवून घेत, आणि मगच हळदकुंकू लावत. उघडलेल्या नळ्यांच्या खालच्या सपाट अंगावरही त्यांचं बोट फिरायचं. आणि मग तिथं एरवी न दिसणारी अक्षरं पिवळीधमक होऊन उठायची. मुकुट, मुकुटाखाली बी आणि पी, दुसरा मुकुट, त्याखाली बी आणि व्ही, आणखी एकाखाली एन आणि पी. मी विचारलं तर आजोबा म्हणायचे, "बाय गो, विलायतेत उडवून बघितलीन ती. फुटली नाही म्हणून आपल्याकडे आली." त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण बर्मिंगहॅमच्या त्या तीन ठशांचा अर्थ त्यांनी सांगितला त्यापेक्षा नेमका मला आजही सांगता येणार नाही. ते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली ती कायमची. झेंडूचा आणि बंदुकीच्या तेलाचा एकत्र वास अजून कुठं आला की मी त्या पाटासमोर असते.

नळीवर लिहायची रीत आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे, हे खरं. विजापूरची मुलूखमैदान तोफ अहमदनगरला १५४९ साली ओतली गेली, आणि ती ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचं नाव तिच्यावर आहे. विजापूर पडल्यावर औरंगजेबानंही तिच्यावर आपला लेख कोरवून घेतला. पण तो करणाऱ्याचा आणि जिंकणाऱ्याचा अभिमान. ही तोफ किती दारू सोसेल, कुणी उडवून पाहिली, ते त्यात नाही. गोलंदाजाला ते जाणून घ्यायचं असेल तर जीव घालूनच जाणून घ्यावं लागत असणार.

पुन्हा पिस्तुलाकडे येते. नळीवरच्या सगळ्या मजकुरात रोज कामाला येणारा भाग म्हणजे काडतुसाचं नाव, आणि घोटाळाही तिथंच सगळ्यात जास्त. नऊ मिलिमीटर म्हटलं की आपल्याला एकच वस्तू वाटते. पण ९x१७ निराळं, ९x१८ निराळं, ९x१९ निराळं, ९x२१ आणखी निराळं. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. ९x१७लाच कुणी कुर्झ म्हणतं, कुणी .३८० ऑटो. ९x१९लाच कुणी लुगर, कुणी पॅराबेलम. नाव कंपनी आणि देशाप्रमाणे बदलतं, माप बदलत नाही. आणि ९x१८ मकारोव्हची गोळी प्रत्यक्षात सव्वानऊ मिलिमीटरहून किंचित जाडच असते, म्हणजे आकडाही शब्दशः घ्यायची सोय नाही. ९x२१चा जन्म तर चक्क कायद्यातून झाला. इटलीत सैन्याचं काडतूस म्हणून ९x१९ सामान्य नागरिकाला कित्येक वर्षं बंद होतं, म्हणून पुंगळी दोन मिलिमीटरनं लांबवून वेगळं काडतूस रूढ झालं. आपल्याकडे ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप), म्हणून नागरिकांच्या हाती बत्तीस बोअर आलं. नळीवर कोणता आकडा पडेल ते पुष्कळदा लोहारशाळेत ठरत नाही, विधिमंडळात ठरतं.

आणि आपलं हे बत्तीस बोअर! लायसनवर, दुकानात, बोलण्यात सगळीकडे एवढाच शब्द. पण ऑर्डनन्स फॅक्टरीचं अशनी पिस्तूल खातं ते ७.६५x१७, म्हणजे शस्त्ररचनाकार ब्राउनिंगनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडवलेलं .३२ ऑटो. कानपूरचं सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर, २०१४ साली आलेलं निर्भीकसुद्धा, खातं ते ७.६५x२३, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. दोन्ही बत्तीस. पहिल्याचा दाब दुसऱ्यापेक्षा बराच जास्त. आणि आखूड काडतूस लांब चेंबरात सरकू शकतं, तिथंच तर भीती आहे. बसतंय म्हणजे चालतंय असं काडतुसांच्या बाबतीत कधीही धरू नये. नळीवरचा आकडा आणि काडतुसाच्या बुडावरचा आकडा शेजारी शेजारी ठेवून वाचायचे, दोन्ही जुळले तरच पुढं. काडतुसाच्या बुडाची लिपी तर आपल्या घरची आहे. केएफ म्हणजे आपली खडकी, १८६९ पासूनची. ओएफव्ही म्हणजे भुसावळजवळचं वरणगाव. खडकीच्या जुन्या नऊ मिलिमीटरच्या पुंगळीवर २झेड असतं. त्यातला झेड हा दारूचा प्रकार सांगणारा ब्रिटिश काळातला संकेत. पुण्यात जन्म गेलेली माणसं खडकीच्या कारखान्याच्या भिंतीवरून रोज जातात, पण तिचं नाव अशा पितळी चकतीवर देशभर फिरतं हे त्यांच्या गावीही नसतं.

आमच्या रेंजवर इटलीची पार्दिनी पिस्तुलंही बरीच आहेत. त्यांच्यावर शिंग किंवा गरुड सापडणार नाही. तिथं दातेरी चाकातली चांदणी दिसते आणि पीएसएफ ही अक्षरं. बिनधुराच्या दारूवर तपासलं, एवढाच त्याचा अर्थ. ही तपासणी ब्रेशियाच्या उत्तरेला गार्दोने वाल त्रोम्पिया या खोऱ्यातल्या गावात होते. साल तिथं पूर्वी रोमन आकड्यांत लिहीत, आता चौकटीत दोन अक्षरं असतात, पण जर्मनांच्या हिशेबानं ती वाचायला गेलात तर भलतंच साल हाती येईल. इटलीची यादी स्वतंत्र आहे. याच गार्दोनेत बेरेटा घराण्याचा सर्वांत जुना कागद आहे तो १५२६चा, व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याबद्दल २९६ डुकात मिळाल्याचा. फक्त नळ्या. अख्खी बंदूक नव्हे. जे खोरं पाचशे वर्षं नळीच करत आलंय, त्यानं नळीची परीक्षा इतक्या मनावर घ्यावी याचं मला नवल वाटत नाही.

आता ज्यावर काहीच लिहिलेलं नसतं त्याबद्दल.

आपल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर दर आठ-पंधरा दिवसांनी एक फोटो असतो. टेबलावर दोन-तीन पिस्तुलं, काही जिवंत काडतुसं, मागं उभे पोलीस आणि तोंडावर फडकं बांधलेले दोन पोरगे. "गावठी कट्टा जप्त." मी तो फोटो आता नळी बघण्यासाठी बघते. नळीवर काही नसतं. असलंच तर कुठल्यातरी परदेशी कंपनीचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. हे पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यातून केलं, की मोटारीच्या कुठल्या दांड्यातून, ते पोलाद काय प्रतीचं, चेंबरचं माप काय, कुणालाच ठाऊक नाही आणि कुणीच त्याचा धनी नाही. ते समोरच्याला मारतं तसंच उडवणाऱ्याचा हातही नेतं. त्या फोटोतल्या पोरग्यांचं वय बघितलं की पोटात कालवतं. आमच्या टेबलाशी बसणाऱ्या मुलींच्याच वयाचे असतात ते. ज्यानं त्यांना ते विकलं त्यानं त्यांच्या मनगटाचा विचार क्षणभरही केलेला नसतो.

आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम याच मुद्द्यावर आहे. शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची कुठलीही खूण खोडायची, बदलायची, खोटी पाडायची नाही. अशी खूण नसलेलं शस्त्र विकायचंही नाही. चोरीच्या पिस्तुलावरचा क्रमांक कानशीनं घासलेला असतो तो माग लागेल या भीतीनं. पण ठोकून उमटवलेला आकडा फक्त पृष्ठभागावर नसतो. ठशाच्या घावानं खालचं पोलादही दाबलं गेलेलं असतं, त्याच्या कणांची घडी बदललेली असते. मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी घासलेला भाग गुळगुळीत करून त्यावर रसायनांची प्रक्रिया करतात, आणि दाबलेलं पोलाद निराळ्या गतीनं झिजून आकडे पुन्हा वर येतात. नेहमीच येतात असं नाही, फार खोल घासलं असेल तर नाही येत. तरीही एखाद्याच्या हातून घडलेलं पोलाद इतकं धरून ठेवतं, हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं. कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलेलं असतं आणि त्याचा माग त्या एका आकड्यावर लटकलेला असतो.

खुणेवर भरवसा ठेवताना तिचं म्हणणं तेवढंच ऐकावं हेही तितकंच खरं. गरुड आणि एन एवढंच सांगतात की त्या साली, त्या चेंबरात, त्या काडतुसाच्या जादा दाबानं ही नळी टिकली. आज ती कशी आहे हे ते सांगत नाहीत. मधल्या काळात कुणी नळीत अडकलेल्या गोळीमागं दुसरी उडवली असेल, तर नळी आतून फुगलेली असू शकते. नळीत उजेड पाडून बघितलं की अशा ठिकाणी एक सावळं कडं दिसतं. कुणी चेंबर खरवडून मोठं केलं असेल, नळी बदलली असेल, तर जुना ठसा जुन्या वस्तूचा. म्हणूनच जर्मन पद्धतीत नळी, स्लाइड अशा मुख्य भागांवरही क्रमांक टाकतात. ऑस्ट्रियातल्या ग्लॉक पिस्तुलाच्या बॉडीवर, स्लाइडवर आणि नळीवर एकच क्रमांक असतो तो तिन्ही एकत्र जन्मले हे कळायला. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीनं शस्त्र म्हणजे बॉडी, तिथं नळी हा सुटा भाग. त्यामुळे तिकडच्या पिस्तुलावर नळी बदललेली असेल तर कागदावरून पत्ताही लागत नाही.

अमेरिकेचा विषय निघाला की आमच्याकडच्या एका जुन्या नेमबाजाशी माझा वाद ठरलेला. तिथं सरकारी प्रूफ हाउस नाही. १९२६ पासून कारखानदारांची संघटना दाबाच्या मर्यादा ठरवते आणि कंपनी स्वतःच उडवून बघते. कोल्टच्या जुन्या पिस्तुलांवर त्रिकोणात व्हीपी दिसतं ते कोल्टनंच आपल्या मालाला दिलेलं प्रमाणपत्र. या नेमबाजांचं म्हणणं असं की नळी फुटली तर अमेरिकेत कंपनीला कोर्ट असं सोलून काढतं की त्या धाकापुढं कुठल्याही सरकारी ठशाची गरज नाही, आणि तिकडची पिस्तुलं काही रोज फुटत नाहीत. दुसरा मुद्दा खराच आहे. पहिला मला पटत नाही. कोर्टाचा धाक बोटं गेल्यावर सुरू होतो. ज्याला विकायचं नाही अशा तिऱ्हाइतानं आधी उडवून बघितलेलं मला हवं आहे. त्यांनी मान हलवली, मी हलवली नाही, चहा आला, वाद पुढच्या रविवारवर गेला.

क्लबात मात्र एक गोष्ट आम्ही दोघांनी मिळून करून घेतली. प्रत्येक पिस्तुलासाठी रजिस्टरात आता एक पूर्ण पान आहे. आधी फक्त क्रमांक आणि बोअर लिहीत. आता काडतुसाचं नाव मापासकट, प्रूफ हाउसचं चिन्ह हातानं काढून, सालाची अक्षरं आणि त्याचा उलगडा, बॉडीचा क्रमांक, नळीचा क्रमांक. नवी मुलगी आली की पहिली गोळी उडवण्याआधी तिनं आपल्याला मिळालेल्या पिस्तुलाचं पान स्वतः तपासायचं, भिंगातून नळी वाचून. लायसनवरही नुसतं बत्तीस बोअर न लिहिता पूर्ण माप लिहावं, असं आम्ही अर्ज करून मागितलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहिणार आहोत. पानाच्या तळाशी शेवटचा रकाना आहे: नळी बदलली का, कधी, कुणी, आणि नव्या नळीवर कोणती खूण. तो रकाना आम्ही मुद्दाम रुंद ठेवला आहे.